केंब्रिज ते तारापूर : एका विद्यार्थ्याचा आत्मशोध

परदेशी विद्याभ्यासास निघालेल्या तरुणाविषयी आपल्याकडील ज्ञाती जो प्रश्न विचारीत, तो गेल्या सव्वाशे वर्षांत अगदी उलटा झाला आहे. पूर्वी प्रश्न असे, “परत आल्यावर याला पंक्तीस घ्यावयाचे की नाही?” आता घरोघरी प्रश्न असतो, “हा परत येईल की नाही?” इ. स. १८८८ मध्ये अठरा वर्षांचे मोहनदास गांधी बॅरिस्टरीसाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. त्यांनी बेत सोडण्याचे नाकारताच त्यांना ज्ञातीबाहेर टाकल्याचे जाहीर झाले, आणि जो त्यांना साह्य करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. त्यापूर्वी पाच वर्षे, १८८३ साली, कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेस जाण्याआधी बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून याच शंकेचे उत्तर द्यावे लागले होते. बहिष्काराचे आपल्याला भय वाटत नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली.

आज सव्वा रुपयाच्या दंडाची गोष्ट वाचून हसू येते. परंतु ज्ञातीचा जुना प्रश्न काय आणि आईबापांचा नवा प्रश्न काय, दोहोंतही विद्यार्थ्याच्या जाण्यायेण्याचाच विचार आहे; त्याच्या अंतरंगाचा नाही. वास्तविक विचारावयास हवा तो तिसराच प्रश्न : परक्या देशात एकटा असताना या मुलाला स्वतःविषयी काय कळले? या प्रश्नाचे महत्त्व पटविणारा एक इतिहास आपल्या दाराशी, तारापूरच्या किनाऱ्यावर, उभा आहे. तो आपल्या ज्ञातीतील नसलेल्या एका विद्यार्थ्याचा असला, तरी त्यातील बोध प्रत्येक घराने घ्यावा असा आहे. म्हणून या स्मरणिकेत त्याची मांडणी करावीशी वाटली.

प्रथम आपल्या भूमीविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. समुद्र ओलांडणे निषिद्ध, हा नियम ग्रंथांत असेल. आपल्या किनाऱ्याने तो फारसा मानल्याचे दिसत नाही. सातपाटीचा व डहाणूचा कोळी रोज खोल पाण्यात जातो आणि त्याला कोणी कधी प्रायश्चित्त सांगितले नाही. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८ मधील, म्हणजे इ. स. ९२६ मधील, एका ताम्रपटात राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजान प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती म्हणजे महंमद, असे अभ्यासक मानतात. हजार वर्षांपूर्वी अरब येथे शासन करीत होता. पारशी समाजाने संजानला आश्रय घेतल्याची कथा तर सर्वश्रुत आहे. पुढे पोर्तुगीज आले, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला जिंकला. अशा रीतीने जगाचे येणेजाणे या भूमीला नवे नाही. तरीसुद्धा विसाव्या शतकात येथे जे आले ते निराळे होते. ते गलबतातून आले नाही. एका विद्यार्थ्याच्या मनातून आले.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सुखवस्तू व सुविद्य पारशी कुटुंबात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकलेले कायदेपंडित. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरी पुस्तकांचा संग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, आणि मुलाला चित्रकलेचीही आवड होती. अशा मुलाचे भवितव्य वडीलधाऱ्यांनी आधीच योजून ठेवले होते. त्याने केंब्रिजला जाऊन यंत्रशास्त्र शिकावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात मोठ्या जागेवर बसावे, असा वडिलांचा व दोराबजींचा मानस होता. त्यात गैर काहीच नव्हते. आपल्या मुलासाठी अशी तयार गादी कोणत्या बापाला नको असते? १९२७ साली होमी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले.

त्या काळचे केंब्रिज म्हणजे पदार्थविज्ञानाची पंढरी होती. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख लॉर्ड रदरफर्ड होते. पॉल डिरॅक हे भाभांहून अवघ्या सात वर्षांनी मोठे, पण त्यांच्या गणिताने जगातील शास्त्रज्ञ चकित झाले होते. यंत्रशास्त्राच्या वर्गात बसलेल्या या विद्यार्थ्याचे मन भिंतीपलीकडच्या त्या जगात रमू लागले. मुंबईत असताना जे कदाचित आवड म्हणून मनात राहिले असते, ते तेथे, आप्तांपासून हजारो मैलांवर, निश्चयाच्या रूपाने पुढे आले. १९२८ साली त्यांनी वडिलांना एक पत्र धाडले. व्यापार किंवा अभियंत्याची नोकरी हे माझे काम नव्हे. ते माझ्या प्रकृतीशी पूर्णपणे विसंगत आहे. पदार्थविज्ञान हाच माझा मार्ग आहे आणि त्यात मी काही मोठे करू शकेन, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्याची मला हौस नाही. ज्यांना ते आवडते त्यांनी ते करावे, असेही कळविले. बेथोव्हेनसारख्या संगीतकाराला शास्त्रज्ञ हो म्हणून सांगणे जसे व्यर्थ, तसेच हे, असा दाखलाही दिला.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे हे पत्र आहे, हे ध्यानात घ्यावे. ते उद्धटपणाचे म्हणून फेकून देता आले असते. पैसे बंद करण्याची धमकी देता आली असती. जहांगीर भाभांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी अट घातली. यंत्रशास्त्राची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. मग गणिताच्या अभ्यासासाठी आणखी दोन वर्षे केंब्रिजला राहण्याचा खर्च मी सोशीन. या एका उत्तरात पित्याचे दोन्ही धर्म पाळले गेले. हाती घेतलेले काम अर्धवट टाकू दिले नाही आणि मुलाच्या आत उगवलेले खुडूनही टाकले नाही. मुलानेही शब्द पाळला. १९३० साली तो यंत्रशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, आणि १९३२ साली गणितातही.

त्यानंतरची वाटचाल विद्वानांच्या जगाला परिचित आहे. शिष्यवृत्त्यांच्या बळावर भाभा झुरिकला पाउली व रोमला फर्मी यांच्याजवळ राहून आले. १९३५ च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित मांडले. ती क्रिया आजही जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाते. १९३७ साली हाइटलर या शास्त्रज्ञासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती दिली. अवकाशातून आलेला एक तेजस्वी कण हवेत शिरला की त्यातून दोन, दोहोंतून चार, अशा रीतीने कणांचा पाऊस कसा पडतो, ते त्यांनी उलगडून दाखविले. बारा वर्षांपूर्वी पोलादाच्या कारखान्यासाठी पाठविलेला मुलगा १९३९ साली युरोपातील नामांकित शास्त्रज्ञांत गणला जात होता. त्याला स्वतःची ओळख पटली होती, यात संशय नाही. पण ती ओळख अद्याप अर्धीच होती.

१९३९ साली भाभा सुटीसाठी भारतात आले असताना सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले व परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते, तेथे त्यांनी जागा स्वीकारली. युद्ध संपताच युरोपात किंवा अमेरिकेत एखाद्या चांगल्या विद्यापीठात जावयाचे, असाच त्यांचा मूळ बेत होता. परंतु या सक्तीच्या मुक्कामात त्यांची दृष्टी पालटली. ते वर्ष १९४२ चे होते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या पालघरला पाच तरुण गोळीबारात हुतात्मे झाले. सारा देश अशाच आगीतून जात होता. या घटनांचा भाभांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा तर्क आम्ही करीत नाही. एवढे मात्र निश्चित की १९४४ पर्यंत त्यांचे मत पक्के झाले, आणि ते त्यांनी पत्रांतून व्यक्तही केले : योग्य कदर व द्रव्यसाह्य मिळणार असेल तर मनुष्याने आपल्याच देशात राहावे, आणि परदेशातील विद्यापीठांच्या तोडीची विद्यापीठे येथे उभारावी, हे त्याचे कर्तव्य होय.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. केंब्रिजने त्यांना शिकविले, ‘मी कोण’. बंगळूरने शिकविले, ‘मी कोणाचा’. पहिले उत्तर परदेशी गेल्यावाचून मिळाले नसते, आणि दुसरे परत आल्यावाचून मिळाले नसते. आपण बहुधा एकाच उत्तरावर थांबतो. कोणी पहिल्याच्या आनंदात दुसरे विसरतो, तर कोणी दुसऱ्याच्या धाकाने मुलाला पहिल्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या प्रमुखांना पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची विनंती केली. काही दशकांनी जेव्हा अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, ते येथेच तयार मिळतील, असा त्या पत्राचा आशय होता. लक्षात घ्या, तेव्हा जगात अणुशक्तीवर एक दिवाही लागलेला नव्हता. ज्या दोराबजींनी त्यांना पोलादाकडे नेऊ पाहिले, त्यांच्याच निधीतून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आणि १९५७ साली तेथेच तरुण पदवीधरांसाठी प्रशिक्षणशाळा उघडली गेली. आमच्या मते ही शाळा हेच भाभांचे सर्वांत दूरदर्शी कार्य होय. आपल्याला केंब्रिजला जे लाभले ते तुर्भ्यालाच लाभावे, ही त्यामागील भावना होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पहिल्या अणुवीज केंद्रासाठी जागा हवी होती. कोळशाच्या खाणी पश्चिम किनाऱ्यापासून फार दूर. मुंबई व गुजरातेतील कारखान्यांची विजेची भूक मात्र वाढत चाललेली. यंत्रे थंड राखण्यास अपार पाणी लागते, ते समुद्राने पुरवावयाचे. जड यंत्रसामग्रीसाठी रेल्वे जवळ हवी, ती बोईसरला होती. या साऱ्या गोष्टी मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर तारापूरला जुळून आल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. १९६४ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले. आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची वीज रीतसर मिळू लागली. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र. ते पाहण्यास भाभा मात्र राहिले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलेल्या विमानात, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

कोणी म्हणेल, तारापूरची यंत्रे तर अमेरिकेचीच होती. मग आपले तज्ज्ञ आपल्याच देशात मिळतील या वचनाचे काय झाले? त्याचे उत्तर पुढील काळाने दिले. मे १९७४ मध्ये पोखरणला भारताने अणुस्फोटाची चाचणी केली. त्यानंतर अमेरिकेने तारापूरचे इंधन देण्यात अडथळे आणण्यास आरंभ केला. १९७८ च्या त्यांच्या नव्या कायद्याने ते जवळजवळ बंदच झाले. १९८२ मधील समझोत्यानंतर फ्रान्सकडून समृद्ध युरेनियम आले. त्यापासून इंधनाचे जुडगे हैदराबादच्या कारखान्यात आपल्याच लोकांनी बनविले. सुटे भाग व सल्ला यांचीही चणचण होती. यंत्रात दोष निघाल्यावर शक्ती २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. परंतु केंद्र बंद पडले नाही. दुरुस्त्या, तपासण्या, नवी हत्यारे हे सर्व भारतीय अभियंत्यांनी केले. परक्यांनी हात आखडता घेतल्यावरही ज्याला काम चालविता येते, त्याचीच विद्या खरी म्हणावयाची. वचनाची कसोटी येथे लागली आणि वचन खरे ठरले.

त्या कसोटीचे पुढले फळ म्हणजे तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या भट्ट्यांची रचना व बांधणी भारतीयांची. त्यांची वीज २००५ व २००६ साली मिळू लागली. त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. मराठी भाषिकांना अभिमान वाटावा असे हे नाव. १९४३ साली स्वातंत्र्यसैनिक पुरुषोत्तम व कमला काकोडकर यांच्या पोटी जन्म. मुंबईत अभियांत्रिकीचे शिक्षण. त्यानंतर तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन १९६९ साली, म्हणजे तारापूरची वीज सुरू झाली त्याच वर्षी, ते मोकळे झाले व आपल्या कामावर परतले. भाभा परदेशी बारा वर्षे राहिले. काकोडकरांचा मुक्काम अल्प होता. पहिल्याला तेथे आपला मार्ग गवसला. दुसरा आपला मार्ग ठरवून गेला होता, त्याला तेथे त्या मार्गाचे एक हत्यार मिळाले. परदेशवासाची योग्यता वर्षांनी मोजता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे. तारापूरचे पहिले प्रमुख प्रकल्प अभियंता, बंगळूरचे डॉ. एम. आर. श्रीनिवासन, हेही कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९५५ साली परत आले होते. १९५९ पासून या केंद्राच्या आखणीचा भार त्यांच्यावर होता.

तथापि इतिहास लिहावयाचा तर एकच बाजू लिहून चालत नाही. नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली घरेदारे सोडावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी खाडीत व समुद्रात जाळे टाकले, त्यांना किनाऱ्यापासून दूर वसविण्यात आले. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत गेले व वर्षानुवर्षे चालले. केंब्रिजमध्ये उगवलेल्या एका विचाराला फळ येण्यासाठी आपल्याच भागातील बांधवांनी जमीन दिली आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. आणि म्हणूनच दुसरा एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण ज्या ज्ञानावर ही भट्टी चालते, ते ज्ञान या किनाऱ्यावरील घरांत किती उतरले? भट्टीच्या दाराशी राहून आपण पहारेकरी व मजूरच द्यावयाचे, की तिच्या नियंत्रणकक्षात बसणारी आणि पुढची भट्टी आखणारी मुले-मुलीही द्यावयाची? जमिनीची भरपाई पैशाने कधी पुरी होत नाही. विद्येने ती थोडीफार होऊ शकते.

यास्तव आपल्या ज्ञातीतील कुटुंबांपुढे नम्रपणे दोन-तीन गोष्टी ठेवून हा लेख आवरता घेतो. आज परदेशी शिक्षण म्हणजे पूर्वीसारखी राजेरजवाड्यांची व धनिकांची मिरास राहिलेली नाही. आपल्या मध्यम स्थितीतील घरेही कर्ज काढून, प्रसंगी शेत किंवा दागिने गहाण टाकून मुलांना पाठवितात. एवढा भार उचलणाऱ्या आईबापांनी मुलाने काय शिकावे हे ठरवावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याला आपले मन अजून सापडलेले नाही, त्याच्या हाती पदवी आली तरी ती त्याला कोठे नेईल? जाण्यापूर्वी त्याच्याशी एक दिवस निवांत बोलावे. शाखा कोणती, पगार किती, हे विचारावेच. परंतु तुला कशाचे वेड आहे, हेही विचारावे. मुलीलाही तेच विचारावे, आणि तिच्या उत्तराला तितकेच वजन द्यावे; आनंदीबाईंच्या जिल्ह्यातील माणसांना हे वेगळे सांगावयास नको.

ज्ञातिसंस्थांनीही आपल्या मदतीचा हिशेब केवळ गुणपत्रिकेवर मांडू नये. परदेशाहून आलेल्या विद्यार्थ्याला सत्काराचा नारळ द्यावा; पण त्याच समारंभात त्याला दहावी-बारावीच्या मुलांपुढे उभे करून, तेथे काय पाहिले, कोठे अडलो, आपल्याविषयी काय कळले, ते सांगावयास लावावे. जो तेथेच राहिला त्यालाही परका मानू नये. सव्वा रुपयाचा दंड आपण सोडला. मनातला बहिष्कारही सोडावा. भाभा परत आले ते कोणी बोलाविले म्हणून नव्हे आणि राहिले ते कोणी अडविले म्हणून नव्हे. काम करण्यास जागा, साधने व कदर मिळाली, म्हणून ते राहिले. मुलांनी परतावे असे ज्यांना वाटते त्यांनी आधी येथे त्यांच्यासाठी काम उभे करावे.

आणि शेवटी पालकांना एक विनंती. परदेशी गेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा कधीतरी असा निरोप येईल की, तुम्ही ठरविलेली वाट माझी नव्हे. त्या रात्री लगेच उत्तर देऊ नये. दोन दिवस विचार करावा, जहांगीर भाभांचे स्मरण करावे, आणि मग अट घालावयाची असेल तर अवश्य घालावी. परंतु ती अशी असावी की पुरी करताना मूल मोठे होईल, मोडून जाणार नाही.